जॉन लॉर्ड : रॉकमधला ऑर्गनवाला, साथीदार की बरोबरीचा मालक?

श्रवणभक्त
दिवाळीच्या साफसफाईत आमच्या जुन्या ॲम्प्लिफायरमागची एका स्पीकरची तार निघाली आणि ती कोणाच्याच लक्षात आली नाही. संध्याकाळी मी 'डीप पर्पल' या ब्रिटिश रॉक बँडची 'मेड इन जपान' ही तबकडी लावली, तेव्हा तीस वर्षे कानात बसलेले गाणे मला ओळखूच येईना. गायन जागच्या जागी होते, ड्रमही होते, पण रिची ब्लॅकमोरची गिटार भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात वाजत असल्यासारखी झाली होती आणि तिच्या जागी एक खरखरीत, दात विचकणारा आवाज सगळी खोली व्यापून बसला होता. आधी वाटले, स्पीकर फाटला. मग उमगले की त्या ध्वनिमुद्रणात गिटार एका बाजूला आणि जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन दुसऱ्या बाजूला आहे. सुटलेली तार गिटारच्या बाजूची होती. जे मी इतकी वर्षे 'दणदणीत गिटार' म्हणून ऐकत आलो, त्यातला निम्मा दणका ऑर्गनचा होता.

ज्यांना हे नाव नवे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जॉन लॉर्ड यांचा जन्म ९ जून १९४१ रोजी इंग्लंडमधील लेस्टर येथे झाला. १९६८ मध्ये 'डीप पर्पल' स्थापन करणाऱ्यांपैकी ते एक होते, २००२ मध्ये त्यांनी बँड सोडला आणि १६ जुलै २०१२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. माझा प्रश्न असा आहे की रॉक बँडमधला कीबोर्डवादक हा मुळात साथीदारच असतो आणि लॉर्ड हे त्यातले सर्वोत्तम साथीदार होते, असे म्हणावे, की त्यांच्या बाबतीत 'साथीदार' हा शब्दच चुकीचा आहे? जाणकारांनी लिहावे.

हजरजबाबी_हणमंत
'लॉर्ड' आडनाव असलेल्या माणसाला साथीदार म्हणणे हा न्यायालयाचा अवमान आहे, माय लॉर्ड.

पायपेटी_दुरुस्ती
मी पेट्या दुरुस्त करतो, त्यामुळे आधी वाद्याबद्दल लिहितो, कारण वाद्य समजल्याशिवाय हा माणूस समजणार नाही.

आपल्या पायपेटीत भाता हवा पुरवतो आणि पितळी स्वरपट्ट्या कंप पावतात. हॅमंड ऑर्गनमध्ये भाता नाही आणि स्वरपट्टीही नाही. त्यात ९१ दातेरी चकत्या सतत फिरत असतात आणि प्रत्येक चकतीसमोर वेटोळे गुंडाळलेला एक चुंबक असतो. चकतीचे दाते त्याच्यासमोरून जितक्या वेगाने सरकतील तितक्या कंपनसंख्येचा विद्युतप्रवाह तयार होतो. वाजवायला दोन कीबोर्ड, प्रत्येकी ६१ स्वरांचे, आणि प्रत्येक स्वररंगासाठी नऊ ओढदांड्या असतात, ज्या कमीजास्त बाहेर ओढून मूळ स्वरात वरचे सूर हवे तितके मिसळता येतात. हे यंत्र १९३५ मध्ये बाजारात आणणारे लॉरेन्स हॅमंड हे विजेची घड्याळे बनवणारे गृहस्थ होते आणि चकत्या फिरवायला त्यांनी घड्याळाचीच मोटर वापरली, जी विजेच्या आवर्तनांबरोबर फिरते. गंमत अशी की ६० आवर्तनांच्या अमेरिकी विजेसाठी बनवलेला ऑर्गन ५० आवर्तनांच्या विजेवर तसाच लावला, तर सगळे वाद्य एका कोमल गंधाराइतके खाली उतरते. गवयाने पट्टी बदलायला सांगावी आणि वीज मंडळाने बदलून द्यावी, असा तो प्रकार आहे.

लॉर्ड यांचा ऑर्गन सी-३ जातीचा होता. आतून तो प्रसिद्ध बी-३ सारखाच असतो, फक्त लाकडी पेटी चर्चमध्ये शोभेल अशी बंदिस्त असते. पायपट्ट्या आणि बाक धरून वजन दोनशे किलोच्या आसपास भरते.

तिसरी_घंटा
मूळ प्रश्नातच एक गृहीत दडलेले आहे, ते असे की साथ म्हणजे दुय्यम काम. ज्यांनी संगीत नाटके पाहिली आहेत त्यांना हे पटणार नाही. बालगंधर्वांच्या पदांमागे ऑर्गनचा जो भरणा असे, तो काढून घेतला तर पद उघडे पडेल. नटाने श्वास घेतला की ती फट ऑर्गनवाला भरतो, नट पुढची जागा कोणती घेणार हे तो आधी ओळखतो, आणि तरीही प्रेक्षक घरी जाताना फक्त नटाचे नाव घेतो. श्रवणभक्त यांनी तीस वर्षे जे केले ते आपण सर्वच प्रेक्षकांनी केले आहे.

मात्र एक फरक मला जाणवतो. आपला ऑर्गनवाला गायकाच्या सुरात आपला सूर विरघळवतो. लॉर्ड यांनी तसे केलेले दिसत नाही. 'स्मोक ऑन द वॉटर'मध्ये गिटारची ती चार वर्षांच्या पोरालाही येणारी सुरावट सुरू होते आणि थोड्या वेळाने ऑर्गन तीच सुरावट घेऊन शेजारी येऊन उभा राहतो. तिथे भरणा नसून खांद्याला खांदा आहे.

कट्टर_गिटारी
सर्वांचा आदर राखून असहमती नोंदवतो. ज्या सुरावटीचा उल्लेख वर आला तीच ब्लॅकमोरची आहे. १९६८-६९ मध्ये बँडची दिशा बव्हंशी लॉर्ड यांच्या हातात होती आणि तेव्हाच्या तीन तबकड्यांतून जगाच्या लक्षात राहिले ते प्रामुख्याने 'हश', जे मुळात दुसऱ्याचे गाणे होते. १९६९ मध्ये गायक इयान गिलन आणि बासवादक रॉजर ग्लोव्हर आले, ब्लॅकमोरने सरळसोट, कठीण रॉकचा आग्रह धरला, १९७० मध्ये 'इन रॉक' आली आणि मग 'डीप पर्पल' हा 'डीप पर्पल' झाला. लॉर्ड यांचे मोठेपण मी नाकारत नाही, पण बरोबरीचे मालक? भागीदारीत भांडवल कोणाचे होते ते पाहावे लागेल.

लेस्टरकर
गेली सतरा वर्षे नोकरीनिमित्त लेस्टरमध्ये आहे. येथे गुजराती मंडळी पुष्कळ, आपण मराठी थोडे. लॉर्ड इथले असल्याचे मला इथे आल्यावर कळले.

त्यांचे वडील हौशी सॅक्सोफोनवादक होते आणि लहानपणापासून त्यांचे पियानोचे रीतसर, पाश्चात्त्य अभिजात शिक्षण झाले. शाळा सुटल्यावर त्यांनी काही काळ वकिलाच्या कचेरीत कारकुनी केली आणि मग अभिनय शिकण्यासाठी लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ स्पीच अँड ड्रामा या संस्थेत गेले. म्हणजे तिसरी_घंटा यांना आनंद वाटावा असा भाग पुढेच आहे : हा माणूस नट व्हायला निघाला होता आणि खर्च भागवण्यासाठी पबमध्ये वाजवता वाजवता वादक झाला. जॅझ ऑर्गनवादक जिमी स्मिथ यांच्या वादनाने त्यांना हॅमंडची ओढ लागली. पुढे 'आर्टवुड्स' या बँडमध्ये काही वर्षे वाजवले आणि मग 'फ्लॉवर पॉट मेन'च्या दौऱ्यांवर गेले. 'डीप पर्पल'चा पहिला बासवादक निक सिंपर तिथलाच.

त्यामुळे अभिजात संगीतकार बाख एका खांद्यावर आणि जिमी स्मिथ दुसऱ्या खांद्यावर, असा हा माणूस १९६८ मध्ये उभा होता. 'हायवे स्टार'मधला त्यांचा एकलवादनाचा भाग ऐकावा. स्वरसंगती बाखच्या वळणाने पायरी-पायरीने उतरतात, आणि आवाज मात्र मोटारीच्या इंजिनाचा आहे.

पायपेटी_दुरुस्ती
लेस्टरकर यांनी इंजिनाचा आवाज म्हटले आहे, तो कसा आला ते सांगितले पाहिजे. कट्टर_गिटारी यांनी भांडवलाचा हिशेब मागितला आहे, तो इथेच चुकता होईल असे वाटते.

हॅमंडचा नेहमीचा जोडीदार म्हणजे लेस्ली स्पीकर. लाकडी कपाटात कर्णा आणि तळाचा ढोल गरगर फिरतात, त्यामुळे आवाज जवळ येतो, दूर जातो आणि सुरात लहर उठते. चर्चमध्ये आणि जॅझमध्ये हे सुंदर लागते. पण लेस्लीच्या आत साधारण चाळीस वॉटचा ॲम्प्लिफायर असतो आणि शेजारी ब्लॅकमोर मार्शल कंपनीची शंभर-दोनशे वॉटची कपाटे रचून उभा असतो. तिथे ऑर्गन ऐकू जाणार नाही. लॉर्ड यांनी काय केले, तर ऑर्गनचा आवाज थेट गिटारसाठी बनलेल्या मार्शल ॲम्प्लिफायरमध्ये घातला. त्यात तो फाटला, आणि त्या फाटण्यातून वरच्या सुरांचा असा काही खळखळाट निर्माण झाला की ऑर्गन आणि गिटार सख्खी भावंडे वाटू लागली. ऑर्गनची पट्टी दाबताना जी बारीक 'टिक' येते, तिला हॅमंड कंपनी दोष मानत होती; ती 'टिक' या नव्या आवाजात गिटारच्या तारेवर नखी आपटल्यासारखी लागू लागली. शिवाय मैफलीत ते चक्क ऑर्गन पुढे-मागे हलवत, म्हणजे आतल्या प्रतिध्वनीच्या स्प्रिंगा एकमेकींवर आपटून गडगडाट होई. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या पेटीवर कोणी असे केले असते तर मी ती घेतली नसती.

म्हणून श्रवणभक्त फसले यात त्यांच्या कानांचा दोष नाही. तो आवाज फसवण्यासाठीच घडवलेला होता.

कट्टर_गिटारी
म्हणजे गिटारसारखे वाजवून गिटारची बरोबरी केली, असे आपण म्हणता. हे माझ्याच बाजूचे मत झाले. आभार.

पायपेटी_दुरुस्ती
गिटारला दहा बोटांनी एकाच वेळी दहा स्वर लावता येत नाहीत आणि दाबलेला सूर पाहिजे तितका वेळ तसाच धरून ठेवता येत नाही. त्यामुळे आभार परत करतो.

सुगरण_बी_फ्लॅट
गंभीर चर्चेत एक कौटुंबिक भर घालते. जॉन लॉर्ड आणि बँडचे ड्रमवादक इयान पेस यांनी जुळ्या बहिणींशी लग्ने केली होती, म्हणजे दोघे सख्खे साडू होते. जो बँड दर दोन-तीन वर्षांनी भांडून गायक नाही तर गिटारवादक बदलत असे, त्यात हे दोघेच पहिल्या दिवसापासून १९७६ च्या फुटीपर्यंत आणि पुन्हा १९८४ च्या पुनर्मीलनापासून २००२ पर्यंत एकत्र राहिले. मध्यंतरी 'पेस ॲश्टन लॉर्ड' आणि 'व्हाइटस्नेक' या बँडमध्येही दोघे होतेच. मंगलकार्यात साडू-साडू एका कोपऱ्यात बसून बाकीच्यांची भांडणे बघतात, ते चित्र माझ्या डोळ्यांसमोर येते.

हजरजबाबी_हणमंत
आमच्याकडे साडू भांडण बघत नाहीत, लावतात.

दादर_फास्ट
१९९५ च्या एप्रिलमध्ये 'डीप पर्पल' मुंबईत आले होते, तेव्हा मी कॉलेजात होतो. ब्लॅकमोर आधीच बाहेर पडला होता आणि स्टीव्ह मोर्स नवीनच आला होता. आमच्या कंपूतील सर्वजण गिटारवादकाला पाहण्यासाठी गेले होते आणि मीही त्यांच्यातलाच होतो. गर्दीत रेटला जाऊन मी ऑर्गनच्या बाजूला अडकलो आणि आयुष्यात प्रथमच कीबोर्डवादक घाम गाळताना पाहिला. तोवर माझ्या समजुतीत कीबोर्ड म्हणजे लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कोपऱ्यात, टेबलावर चादर टाकून ठेवलेले वाद्य. इथे पांढऱ्या केसांची शेंडी बांधलेला, भरघोस मिशांचा एक भारदस्त माणूस पूर्ण तळहात पट्ट्यांवरून खालपासून वरपर्यंत घासत नेत होता, आणि त्याची पाठ तेवढीच ताठ होती, जणू शाळेतल्या बाई अजून मागे उभ्या आहेत.

मुंबईचा आणखी एक धागा आहे. 'चाइल्ड इन टाइम'ची जी संथ ऑर्गनची सुरुवात आहे, ती सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या बँडच्या 'बॉम्बे कॉलिंग' या रचनेवरून सुचली. मूळ रचना व्हायोलिनवर आणि वेगवान आहे. लॉर्ड यांनी ती ऑर्गनवर सावकाश वाजवायला घेतली. त्या बँडनेही पुढे 'डीप पर्पल'ची 'रिंग दॅट नेक' ही सुरावट उचलून आपल्या नावाने वाजवली, तेव्हा फिट्टंफाट झाली.

तिसरी_घंटा
कट्टर_गिटारी यांनी ज्याला हात लावला नाही त्या 'कॉन्चेर्तो'बद्दल लिहायला हवे, कारण मालकीचा प्रश्न तिथे खऱ्या अर्थाने उभा राहतो.

२४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये 'डीप पर्पल' आणि रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा एका मंचावर आले. रचना लॉर्ड यांची, तीन भागांची. ऑर्केस्ट्राचे संचालन माल्कम अर्नोल्ड यांच्याकडे होते, जे स्वतः नामवंत संगीतकार होते आणि त्याच संध्याकाळी त्यांची सहावी सिंफनीही वाजवली गेली. अभिजात वादकांपैकी काहींनी नाके मुरडली, तेव्हा अर्नोल्ड लॉर्ड यांच्या पाठीशी उभे राहिले. इतक्या मोठ्या वाद्यवृंदासाठी प्रत्येक वाद्याची स्वरलिपी एका अठ्ठावीस वर्षांच्या रॉक वादकाने स्वतः लिहिली, दौरे चालू असताना लिहिली.

पहिल्या भागात वाद्यवृंद आणि बँड जवळजवळ वैऱ्यांसारखे समोरासमोर येतात, पुढे हळूहळू एकमेकांत मिसळतात. मिसळण्याचा भाग मला तितकासा साधलेला वाटत नाही, पण वैराचा भाग अस्सल आहे.

कट्टर_गिटारी
मी मुद्दामच हात लावला नव्हता, कारण 'कॉन्चेर्तो' हा माझ्या बाजूचा पुरावा आहे. त्यानंतर लोकांना वाटू लागले की हा बँड ऑर्केस्ट्राबरोबर वाजवणारा आहे. ब्लॅकमोर आणि गिलन दोघांनाही ते खटकले आणि 'इन रॉक' ही त्या रागाची संतती आहे. शिवाय वाद्यवृंद वाजवत असताना बँड गप्प बसतो आणि बँड वाजवत असताना वाद्यवृंद. दोन पंगती आळीपाळीने वाढाव्यात तसे ते झाले आहे.

एक मात्र मान्य करतो. 'कॉन्चेर्तो' झाला नसता तर राग आला नसता, आणि राग आला नसता तर 'इन रॉक' आली नसती. एवढे भांडवल त्यांच्या नावावर मांडा.

लेस्टरकर
'कॉन्चेर्तो'ची उत्तरकथा अनेकांना माहीत नसावी. १९७० मध्ये त्याची मूळ स्वरलिपी हरवली. दुसरी प्रत नव्हती. पुढे मार्को द खूय या तरुण डच संगीतकाराने ध्वनिमुद्रण आणि चित्रफीत पुन्हा पुन्हा ऐकून-पाहून ती कानाने उतरवून काढली. ऐंशी-नव्वद वादक एकाच वेळी वाजवत असताना दुसऱ्या रांगेतला व्हिओला काय वाजवतो हे ऐकून लिहायचे, म्हणजे काय काम असेल याचा विचार करावा. ती वही त्याने लॉर्ड यांना दाखवली, त्यांनी उरलेल्या फटी बुजवल्या आणि सप्टेंबर १९९९ मध्ये, बरोबर तीस वर्षांनी, त्याच सभागृहात लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर रचना पुन्हा उभी राहिली.

सरगम_सातारा
मी एका ऑर्केस्ट्रात अकरा वर्षे कीबोर्ड वाजवला आहे. आमच्या आयोजकाने एकदा भित्तिपत्रकावर ढोलकीवाल्यापासून निवेदकापर्यंत सर्वांची नावे छापली होती आणि माझ्या नावाऐवजी वाद्याच्या कंपनीचे नाव छापले होते. त्यामुळे या धाग्यात माझे मत निःपक्षपाती नाही, हे आधीच कबूल करतो.

कीबोर्डवाल्याला मोह असा असतो की बासरीही आपणच, सतारही आपणच आणि समुद्राची लाटही आपणच वाजवावी. सत्तरच्या दशकात इतर मोठे वादक वाद्यांच्या भिंती उभारत होते. किथ इमर्सन ऑर्गनच्या पट्ट्यांत सुऱ्या खुपसत असत, तो तमाशा मला आवडतोच. लॉर्ड यांनीही सिंथेसायझर वापरले, पण आयुष्यभराची सोबत एका हॅमंडशी केली. पहिला सी-३ दमला तेव्हा १९७३ मध्ये दुसरा सी-३ घेतला, तोही वापरलेला, 'फ्लीटवुड मॅक' बँडच्या क्रिस्टीन मॅकव्ही यांच्याकडून. एकच वाद्य ठेवल्यामुळे दोन स्वर ऐकले तरी माणूस ओळखता येतो. १९८४ च्या 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' या गाण्याची सुरुवात ऐका. आठ वर्षांच्या खंडानंतर बँड परत आला आहे, हे गायकाने तोंड उघडण्याआधी ऑर्गनने सांगून टाकले आहे.

आणि 'व्हाइटस्नेक'मधली १९७८ ते १९८४ ही वर्षे ऐका. तिथे ते खरोखरच साथीदार होते, मागे बसून भरणा करणारे. वाजवले उत्तमच, पण त्या तबकड्यांतून ऑर्गन वजा केला तर गाणी उभी राहतात. 'डीप पर्पल'मधून वजा करता येत नाही. श्रवणभक्त यांच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर या वजाबाकीत आहे.

दादर_फास्ट
उत्तम लिहिलेत. बँड सोडण्याच्या प्रसंगाबद्दलही कोणी लिहावे.

लेस्टरकर
२००१ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्यांना काही कार्यक्रम सोडावे लागले, तेव्हा डॉन एअरी यांनी त्यांची जागा सांभाळली. पुढे १९ सप्टेंबर २००२ रोजी इप्सविच येथे लॉर्ड यांनी बँडबरोबर शेवटचा कार्यक्रम केला आणि एअरी कायमचे आले. भांडण नव्हते. त्यांना स्वरलिपी लिहीत बसायचे होते आणि वर्षभर बस-विमानांतून फिरताना ते जमत नव्हते.

त्यानंतरचे काम मला अधिक जवळचे वाटते. डरहॅम विद्यापीठाच्या १७५ व्या वर्षासाठी त्यांनी लिहिलेला 'डरहॅम कॉन्चेर्तो' २००७ मध्ये तिथल्या कॅथेड्रलमध्ये वाजवला गेला. त्यात उत्तर इंग्लंडची नॉर्थम्ब्रियन पाइप्स ही छोटी, काखेत भाता धरून वाजवायची लोकवाद्ये आहेत आणि हॅमंड ऑर्गनही आहे. त्या दगडी इमारतीत हॅमंड मार्शलमधून न जाता, आपल्या मूळच्या चर्चच्या आवाजात येतो. २०११ मध्ये लेस्टर विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली आणि काही आठवड्यांतच त्यांनी स्वादुपिंडाच्या कर्करोगाची बातमी जाहीर केली. पुढच्या जुलैत ते गेले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये 'डीप पर्पल'चा समावेश २०१६ मध्ये झाला, म्हणजे त्यांच्या पश्चात चार वर्षांनी.

कट्टर_गिटारी
सरगम_सातारा यांची वजाबाकी मी काल रात्री करून पाहिली. 'मेड इन जपान' काढली आणि बॅलन्सचे बटण फिरवून ऑर्गनची बाजू बंद केली. 'लेझी' लावले होते. ब्लॅकमोर वाजवतो ते सर्व जागेवर आहे, एकही सूर कमी नाही, आणि तरीही तो रिकाम्या मैदानात एकटा धावत असल्यासारखा वाटला. जिथे तो थांबतो तिथे आता नुसतीच शांतता होती. मालकीचा दावा मी पूर्ण सोडत नाही, पण सातबाऱ्यावर दुसरे नाव लावायला माझी हरकत नाही.

हजरजबाबी_हणमंत
तलाठ्याला पाहिजे ते द्या आणि नोंद करून घ्या.

श्रवणभक्त
सर्वांचे मनापासून आभार. 'साथीदार' हा शब्द मी मागे घेतो. तिसरी_घंटा यांनी सांगितलेल्या अर्थाने तो परत घ्यायला हरकत नाही, पण मी तो त्या अर्थाने वापरला नव्हता.

'कॉन्चेर्तो'बाबत मात्र कट्टर_गिटारी यांच्या पंगतींच्या उपमेशी मी सहमत आहे. काल लेकाला शेजारी बसवून तो पूर्ण लावला. पहिला भाग त्याने डोळे विस्फारून ऐकला, दुसऱ्या भागात झोपला आणि तिसऱ्या भागातल्या इयान पेस यांच्या ड्रमने दचकून जागा झाला.

स्पीकरची तार अजून जोडलेली नाही. 'चाइल्ड इन टाइम' तेवढे एकदा असेच ऐकायचे राहिले आहे, मग जोडीन.